तीन मिनिटांचे गाणे

श्रोतेहो, गाणे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गवई उभा राहतो, तंबोरा येतो, पेटी-तबला येतो. गाण्याची कचेरी मात्र कोणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. कचेरी म्हणजे टेबल, फायली, आवकजावकाची वही, दुपारचा चहा आणि साहेबाची घंटी. तिथे गाण्याचे काय काम, असे वाटणे साहजिक आहे. पण आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळापासून वऱ्हाडातल्या घरांत जे गाणे चावीच्या पेटीतून वाजले, ते अशाच एका कचेरीतून आलेले होते. त्या गाण्याने कोणकोणती गावे पाहिली, कोणाकोणाचे हात त्याला लागले आणि त्यातून आपण आज काय घ्यावे, एवढे मला आज सांगायचे आहे. माझ्या श्रोत्यांत शाळामास्तर आणि बाई पुष्कळ असतात, म्हणून शेवटी त्यांच्यासाठी थोडे कामही सांगणार आहे.

सुरुवात आपल्याच मुलखातून करू. बुलढाणा जिल्ह्यात पैनगंगेकाठी मेहकर नावाचे गाव आहे. तिथे ना. घ. देशपांडे नावाचे वकील राहत. जन्म १९०९ चा. दिवसा पक्षकारांचे कागद पाहायचे आणि मनात कविता घोळवायच्या, असा त्यांचा क्रम. त्यांची ‘शीळ’ नावाची कविता आहे. रानात घुमणारी शीळ ऐकून जिचे चित्त ठिकाणावर राहत नाही, अशा मुलीची ती कविता. ती गायिली नागपुरात कायदा शिकलेल्या एका तरुणाने. त्याचे नाव जी. एन. जोशी. म्हणजे लिहिणारा वकील आणि गाणाराही वकिलीचीच पदवी घेतलेला! १९३० नंतरच्या दोन-तीन वर्षांत या गाण्याची तबकडी निघाली आणि ती घरोघर वाजू लागली. नाटकातले पद नव्हे, देवाचा अभंग नव्हे, लावणीही नव्हे. एका माणसाच्या मनातली गोष्ट दुसऱ्याच्या मनाला सांगणारी कविता. अशा गाण्याला पुढे भावगीत हे नाव रूढ झाले. त्या वाटेवरच्या पहिल्या पावलांपैकी एक पाऊल मेहकरच्या मातीतले आहे, हे आपल्या मुलांना माहीत असायला पाहिजे.

आता त्या काळचे गाणे ऐकण्याचे वळण कसे होते पाहा. आपल्या अमरावतीला नाटकाचा षौक फार जुना. मराठी नाट्यसंमेलन १९०५ साली मुंबईस पहिल्यांदा भरले, तेव्हा त्याचे अध्यक्ष अमरावतीचे दादासाहेब खापर्डे होते. वीर वामनराव जोशी हेही अमरावतीचेच. त्यांचे ‘रणदुंदुभि’ नाटक १९२७ साली मास्टर दीनानाथांच्या बळवंत संगीत मंडळीने रंगभूमीवर आणले. नाटक रात्री सुरू व्हायचे आणि पहाटेच्या कोंबड्याला संपायचे. ‘वन्समोअर’ पडला की एकच पद पुन्हापुन्हा रंगायचे. भजनाचेही तेच. खंजिरीचा ठेका धरला की रात्र कशी सरली हे कळायचे नाही. काळवेळ मोजून गाण्याची आपल्या लोकांना सवयच नव्हती.

आणि या कचेरीचा पहिला नियम काय? तर तीन मिनिटे! दहा इंचांची तबकडी, मिनिटाला ७८ फेरे. एका बाजूवर फार झाले तर सव्वातीन मिनिटांचे गाणे मावायचे. त्यापुढे सुई मधल्या कागदाशी जाऊन अडायची. ज्याने दोन-दोन तास राग आळवला, त्याला सांगायचे की, ‘बुवा, तीन मिनिटांत आटपा.’ कित्येक बड्या गवयांना हा अपमान वाटला. काहींना भीती वाटली, की आवाज यंत्रात भरून घेतला तर आपल्या गळ्यात काय उरेल? आज आपल्याला हसू येते. पण विचार करा, ज्याची सारी इस्टेट म्हणजे त्याचा गळा, त्याला ती भीती वाटली तर त्यात नवल ते काय?

ध्वनिमुद्रणाचा दिवस कसा असायचा तेही सांगतो. खोलीला जाड पडदे, दारे-खिडक्या बंद. पंखासुद्धा बंद, कारण त्याची घरघर आत जायची. भर वैशाखात अशा खोलीत पेटीवाला, तबलेवाला आणि गाणारा घामाघूम होऊन बसायचे. आवाज कोरला जायचा तो मेणाच्या जाड थाळीवर. लाल दिवा लागला की सुरू. मध्ये कोणाला खोकला आला, तबल्यावर हात चुकला, शेवटची ओळ तीन मिनिटांत बसली नाही, की ती थाळी बाद. मग पुन्हा पहिल्यापासून. आज चुकलेला तुकडा कापून तिथे दुसरा जोडता येतो. तेव्हा ती सोय नव्हती. शिवाय ते मेण लगेच वाजवून पाहावे, तर सुईने कोरलेली रेघच खराब व्हायची. म्हणजे आपण कसे गायलो हे गाणाऱ्याला त्या दिवशी कळतच नसे. पेरणी केलेल्या शेतकऱ्यासारखे वाट पाहत बसायचे.

मग चहा यायचा. गाण्याआधी कित्येक गाणाऱ्यांना तेलकट-आंबट वर्ज्य, थंड पाणी वर्ज्य. काम संपले की सारी भूक एकदम जागी व्हायची. कचेरीतल्या माणसाचे अर्धे काम या वेळी सुरू होई. गवई रागावलेला असेल तर त्याला शांत करायचे, साथीदारांना पोटभर खाऊ घालायचे, मानधनाच्या कागदावर सही घ्यायची, परगावच्या माणसाला गाडीची वेळ गाठून द्यायची. वरपक्षाची बडदास्त ठेवणाऱ्या वधूपित्यासारखाच तो प्रकार होता म्हणा ना!

आता त्या मेणाचा प्रवास ऐका. मुंबईस भरलेले मेण पेटीत जपून कलकत्त्याला जायचे. कंपनीचा कारखाना १९०८ पासून कलकत्त्यास होता, पुढे तो दमदमला गेला. तिथे मेणावर तांब्याचा थर चढवून त्याचा उलटा ठसा करीत, त्यावरून पुन्हा सुलटा, आणि शेवटी छापण्याचा साचा तयार होई. त्या साच्याखाली जी काळी तबकडी छापली जाई ती कशाची होती ठाऊक आहे? लाखेची! आपल्या विदर्भाच्या पूर्वेकडच्या जंगलात पळसावर, कुसुमावर, बोरीवर जो बारीक किडा बसतो त्याची ही लाख. तिच्यात दगडाची पूड आणि काजळी मिसळून तबकडी होई. कासाराच्या हाती तिची बांगडी झाली आणि कारखान्यात तिचेच गाणे झाले. तबकडी हातातून पडली तर बांगडीसारखीच फुटायची.

छापलेल्या तबकड्या आगगाडीने गावोगावच्या दुकानांत पोचत. मुंबई-नागपूर रस्त्यावरची आपली स्टेशने तुम्हाला पाठ आहेत: मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा. बडनेऱ्याला उतरून अमरावतीचा फाटा घ्यायचा. मेहकरला तर रेल्वेच नाही. म्हणजे पाहा, मेहकरात लिहिलेली कविता मुंबईस मेणावर चढायची, कलकत्त्यास लाखेत उतरायची आणि साऱ्या देशाला वळसा घालून अकोल्याच्या दुकानात येऊन बसायची. तिथून ती बैलगाडीत, धान्याच्या पोत्याशेजारी, चिंधीत गुंडाळून गावी पोचायची. सासरी गेलेली लेक पहिल्या सणाला माहेरी यावी, तसे ते गाणे परत यायचे.

तबकडी घेणार कोण? वऱ्हाडात पैशाचा हंगाम म्हणजे कापसाचा हंगाम. बाजारात गाड्या रिकाम्या झाल्या, हातात नोटा आल्या, की घरी लुगडी यायची, भांडी यायची, लेकीच्या लग्नाचे सोने यायचे. देशमुखाच्या नाही तर पाटलाच्या वाड्यात कर्ण्याची पेटी यायची. सगळ्या गावात एकच पेटी, पण ऐकणारे सारे गाव. लग्नाच्या मांडवात पेटी मागून आणत. एक पोरगा चावी द्यायला, एक सुई बदलायला. बाजू बदलली की सुई बदलायची, असा दंडक होता. पण सुया महाग, म्हणून एकच सुई बोथट होईतो चालायची आणि मग गाणारीचा आवाज बसल्यासारखा वाटायचा. चावी संपत आली की गाणे हळूहळू रडायला लागायचे. पोरे खिदळायची आणि मोठी माणसे ओरडायची, ‘अरे, चावी दे ना लवकर! झोपला काय बे?’

अशा मांडवातली एक आजी आमच्या गावात अजून गोष्टीसारखी सांगतात. रोडग्यांचा जाळ बाजूला सारून ती पेटीपाशी आली. सगळीकडून फिरून तिने पेटी पाहिली, कर्ण्यात वाकून पाहिले, आणि नातवाला म्हणाली, ‘काहून रे बाप्पा, एवढ्याशा डब्यात थे बाई बसली कुठी?’ नातू म्हणाला, ‘आजी, बाई नाही आत. तिचा आवाज आहे फक्त.’ आजी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘मंग थे मेल्यावरबी गाईन काय?’ सारा मांडव हसला. पण मला विचाराल तर त्या पेटीसंबंधी इतका नेमका प्रश्न कोणत्या पंडिताने विचारला नसेल.

आजीच्या प्रश्नाचे उत्तर हो असे आहे. पण त्याला एक अट आहे. ती अट समजण्यासाठी १९०२ सालच्या कलकत्त्यास गेले पाहिजे. त्या वर्षी नोव्हेंबरात फ्रेड गैसबर्ग नावाचा ग्रामोफोन कंपनीचा माणूस विलायतेहून यंत्र घेऊन आला आणि त्याने गौहर जान या प्रसिद्ध गायिकेचा आवाज भरून घेतला. गाणे संपताच तबकडीच्या शेवटी ती आपले नाव इंग्रजीत मोठ्याने सांगते. काही लोकांना तो तिचा तोरा वाटला. खरे कारण कारकुनी आहे. तेव्हा तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जात. तिथल्या कामगाराला हिंदुस्थानी बाई कोण, बुवा कोण, काय कळणार? नाव ऐकून त्याने मधल्या कागदावर बरोबर नाव छापावे, एवढ्याचसाठी ते नाव सांगणे होते. आणि म्हणूनच आज शंभराहून अधिक वर्षांनी आपण म्हणू शकतो, की ही गौहर जान. नाव नसते तर तो नुसता एका बाईचा आवाज राहिला असता.

तेव्हा गाणे टिकवायला यंत्र लागते हे अर्धेच खरे. वहीही तितकीच लागते. कोण गायले, कोणी रचले, साथीला कोण होते, कोणत्या दिवशी भरले, त्या मेणाचा क्रमांक काय, ही नोंद ठेवणारा कारकून नसता तर कारखान्यातली ती सारी लाख म्हणजे बिननावाच्या तबकड्यांचा ढीग झाला असता.

ज्या जी. एन. जोशींनी ‘शीळ’ गायिली, ते पुढे याच कामाला लागले. १९३८ च्या सुमारास ते ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ या कंपनीच्या मुंबईच्या कचेरीत ध्वनिमुद्रणाचे अधिकारी झाले आणि तीसहून अधिक वर्षे तिथे राहिले. विचार करण्यासारखी गोष्ट आहे. स्वतः नाव मिळवलेला गायक, वकिलीची सनद घेता येईल असा माणूस. त्याने दुसऱ्यांची गाणी भरून घेण्याची नोकरी पत्करली. ज्याला तीन मिनिटांचा जाच स्वतःच्या गळ्याने ठाऊक होता, तोच आता काचेपलीकडे घड्याळ घेऊन बसला. मला वाटते, त्यामुळेच गवयांना तो आपला माणूस वाटला असेल. मोठमोठ्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या आठवणी त्यांनी ‘स्वरगंगेच्या तीरी’ या पुस्तकात लिहून ठेवल्या आहेत. शाळेच्या वाचनालयात ते पुस्तक नसेल तर जरूर मागवा.

पुढे दीर्घ तबकडी आली. एका बाजूवर वीस मिनिटांच्या वर गाणे मावू लागले. अमीर खाँसाहेबांसारखा संथ बढत करणारा गवई तीन मिनिटांत कसा मावणार होता? त्यांचे मारवा आणि दरबारी १९६० साली दीर्घ तबकडीवर आले. १९६७ साली जोशींच्या देखरेखीखाली शिवकुमार शर्मांचे संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रांची गिटार अशी एक तबकडी निघाली. तिच्यात काश्मीरच्या दरीतल्या मेंढपाळाचा सकाळपासून रात्रीपर्यंतचा दिवस रागांनी रंगविला आहे. ती देशाबाहेरही पुष्कळ गाजली. रानातल्या शिळेपासून निघालेला माणूस मेंढपाळाच्या दरीपर्यंत असा पोचला. मध्ये सारा हिशेब, सह्या, गाडीच्या वेळा आणि चहाचे कप होते. १९७० च्या आसपास लाखेच्या तबकड्यांचे दिवस संपले. आज त्या कंपनीचे नाव ‘सारेगामा’ आहे.

आता माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो. या सगळ्या काळात आपल्या वऱ्हाडाचे काय काय त्या वहीत चढले? नाट्यपदे चढली, भावगीते चढली. १९४८ साली नागपूरला आकाशवाणी केंद्र सुरू झाले, तेव्हा गावाकडच्या काही कलावंतांना माइकपुढे बसता आले. पण जात्यावर पहाटे जी बाई गात होती, ती कोणत्या कचेरीत जाणार होती? भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत पोरी भुलाबाईची गाणी म्हणतात, मग झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखा म्हणून एकमेकींना छळतात. त्या गाण्यांत सासर-माहेरचा सारा संसार आहे. पोळ्याला बैलांच्या तोरणाखाली झडत्या झडतात. त्यांत सावकारापासून सरकारापर्यंत कोणाला सोडत नाहीत. डाक वाजवून रात्रभर म्हटला जाणारा डहाका आहे, दंडार आहे. यांतले फार थोडे कोणत्याही वहीत आले. कारण यांतले काहीच तीन मिनिटांत बसत नव्हते, आणि कापूस विकून त्याची तबकडी कोणी घेतली नसती. घरचेच गाणे कोण विकत घेणार?

ते घरचे म्हणून राहिले, आणि घरातूनच चालले. चक्की आली, जाते कोपऱ्यात गेले, आणि जात्याबरोबर ओवी गेली. एखाद्या घरी विचारा, ‘आजी काय म्हणत होत्या हो?’ सून सांगते, ‘चाल येते जी, पण शब्द नाही आठवत.’ चाल उरते नि शब्द जातात. मग हळूच चालही जाते.

आज काय अवस्था आहे? जे यंत्र आणायला गैसबर्गला सात समुद्र ओलांडावे लागले, त्याहून कितीतरी चांगले यंत्र आज आठवीतल्या पोराच्या खिशात आहे. मेण नको, कलकत्ता नको, पंखा मात्र अजूनही बंद केलेला बरा. तीन मिनिटांची अट नाही. आणि तरीही आजीचे गाणे भरले जात नाही, किंवा भरले तरी कोणाचे ते लिहिले जात नाही. यंत्र आले, पण वही आली नाही. मोबाईलमध्ये शेकडो फिती पडून असतात; यंत्र बदलले की सारे पुसून जाते.

म्हणून गुरुजींना आणि बाईंना माझी विनंती आहे. शाळेत एक वही करा. तिला ‘गाण्याची वही’ म्हणा. वर्गातल्या प्रत्येक मुलाने आपल्या घरच्या किंवा शेजारच्या एका वडीलधाऱ्या माणसाचे एक गाणे आणायचे. आधी परवानगी विचारायची. आजी नाही म्हणाली तर तिथेच थांबायचे. आवाज तिचा आहे. हो म्हणाली तर तिच्या सवडीने, तिच्या जागी बसायचे. चुलीपुढे बसून गाण्याची सवय असेल तर चुलीपुढेच. गाणे सुरू होण्याआधी मुलाने मोठ्याने सांगायचे: आज तारीख अमुक, गाव अमुक, गाणारीचे नाव अमुक, हे गाणे तिने कोणाकडून शिकले आणि ते केव्हा म्हणतात. एवढे पाच शब्द गाण्याइतकेच मोलाचे आहेत. मग तिला मध्ये न तोडता गाऊ द्यायचे. खोकला आला तर येऊ द्या, भाकर परतायला उठली तर उठू द्या. तीही त्या गाण्याचीच साथ आहे. शेवटी पहिल्यांदा तिलाच ऐकवायचे. जुन्या गवयाला त्या दिवशी आपला आवाज ऐकता आला नाही. आपल्या आजीला येईल.

त्यानंतर मुलाने ते शब्द वहीत उतरायचे, अगदी आजी बोलते तसेच. ‘मले’ असेल तिथे ‘मला’ करू नका, ‘थे’ चे ‘ते’ करू नका. शुद्धलेखनाच्या तासाला शुद्धलेखन शिकवा. या वहीत मात्र आजीचे बोलणेच शुद्ध समजा. न समजलेल्या शब्दाचा अर्थ तिलाच विचारून शेजारी लिहा. आवाजाच्या दोन प्रती दोन वेगळ्या जागी ठेवा. वर्षाच्या शेवटी एका शाळेच्या वहीत तीस-चाळीस गाणी होतील. अमरावती-अकोल्याकडे एकेका तालुक्यात शाळा किती आहेत याचा हिशेब तुम्हीच करा.

अशा कामाचा पैसा मिळणार नाही, नावही फारसे होणार नाही. पण एका गावात मी याचे फळ पाहिले. तिथल्या एका मुलीने आपल्या आजीची भुलाबाईची गाणी भरून ठेवली होती. दिवाळीनंतर आजी वारली. तेराव्याच्या दिवशी पाहुणे जेवून गेल्यावर मुलीने ते गाणे बापाला लावून दाखविले. तो कास्तकार माणूस, फारसा बोलणारा नव्हे. मान खाली घालून त्याने सारे ऐकले. गाणे संपल्यावर यंत्रातून नातीचा आवाज आला, ‘आजी, झालं काय?’ आणि आजी म्हणाली, ‘झालं ना माय. आता खाऊ दे.’ तेव्हा त्याच्या डोळ्यांना पाणी आले. थोड्या वेळाने तो पोरीला एवढेच म्हणाला, ‘वहीत लिहिलं ना तिचं नाव? बराबर लिहिजो.’

कचेरीतला कोणताही साहेब याहून अधिक काही सांगू शकला नसता. श्रोतेहो, कोजागिरी दर वर्षी येते. आजी दर वर्षी असेलच असे नाही. येत्या रविवारी एक कोरी वही घ्या आणि तिच्या पहिल्या पानावर आपल्या घरातल्या सर्वांत वडील बाईचे नाव लिहा.